फोममधून पडकं चिऱ्याचं घर कसं करायचं, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

चवथ जवळ आली की दोन-तीन जण तरी विचारतात, ते पडकं घर कसं केलंस, कुठल्या फोमचं केलंस, आणि मी प्रत्येकाला अर्धवट काहीतरी सांगतो. म्हणून यावेळी नीट बसून सगळं लिहितोय. गोव्यात थर्माकोल कापायची सवय तशी सगळ्यांनाच असते, कोणी मखर केलेलं असतं, कोणी नाताळचा गोठा, नरकासुराच्या मंडळात तर अख्खा वाडा राबतो, पण डायोरामातलं, म्हणजे लहान मापातल्या देखाव्यातलं, घर जवळून बघायचं असतं, एक हातावरून, त्यामुळे काम तेच असलं तरी हात वेगळा चालवावा लागतो.

आपण करणार आहोत ते अख्खं घर नाही. जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घराचा एक कोपरा, दोन भिंती, एक दार, एक खिडकी, वर चार-पाच वासे उरलेले आणि आत कौलांचा ढीग. पहिल्यांदा एवढंच करा. चार भिंतींचं घर घेतलं की आतलं काही दिसत नाही आणि मेहनत दुप्पट.

सुरी हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट ठरवा, घर कशाने पडलं? इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ युद्धातल्या युरोपातल्या घरांचे असतात, बॉम्ब पडलेला, भिंतीला भगदाड, गोळ्यांचे खड्डे. ते बघून आपण तसंच करतो आणि वर चिऱ्याचा रंग देतो, मग ते घर धड इथलं दिसत नाही धड तिथलं. आपल्याकडे घर पाडतो तो पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि पावसाची पाडायची एक पद्धत आहे. आधी कौल सरकतं, माणूस राहत नसेल तर ते परत कोणी बसवत नाही. मग रिपा आणि वासे कुजतात, वाळवी लागते, आढं खाली येतं. छप्पर गेलं की भिंतीचं डोकं उघडं पडतं, पाणी वरून आत शिरतं, गिलावा फुगून सुटतो. दारा-खिडक्यांवरची लाकडी तुळई कुजली की तिच्या वरचे चिरे खाली येतात, म्हणून पडक्या घरात खिडकीच्या वर नेहमी उलट्या पायऱ्यांसारखा खड्डा दिसतो. कोपरे मात्र शेवटपर्यंत उभे राहतात कारण तिथे दोन्ही भिंतींचे चिरे एकमेकांत अडकवलेले असतात.

जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मनोरा बघितलाय ना? तो मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये आतली कमान कोसळली, म्हणजे छप्पर आधी गेलं, आणि दर्शनी भिंत व अर्धा मनोरा पडला तो थेट १९३१ मध्ये. क्रम हाच, फक्त मोठ्या मापात. मनोरा ४६ मीटरचा होता, १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागात, करायचा तर सव्वा मीटरच्या वर जाईल, तेव्हा तो नंतर कधीतरी. आणि याच्या उलट बघायचं असेल तर उन्हाळ्यात कुर्डीला जा, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणाच्या पाण्यातून मे महिन्यात वर येतं. तिथे भिंती कमी आणि जोतीच जास्त, सगळ्यावर सुकलेला गाळ, हिरवं जवळजवळ काही नाही. दोन्ही चिऱ्याचीच घरं, पण मोडली वेगळ्या तऱ्हेने म्हणून दिसतात वेगळी. तुमचं घर कुठल्या प्रकारचं ते कागदावर एका ओळीत लिहा आणि समोर चिकटवा, पुढे प्रत्येक वेळी हा प्रश्न येणार आहे.

आता माप. मी १:३५ घेतो कारण त्या मापाचे माणसांचे पुतळे सहज मिळतात आणि चिऱ्याची भोकं दिसण्याइतकं ते मोठं असतं. साडेपाच फुटांचा माणूस ४.८ सेंटिमीटरचा होतो, सात फुटांचं दार ६ सेंटिमीटरचं. आमच्या मागीलदारी पडलेला एक चिरा मी टेपने मोजला, ३८ सेंटिमीटर लांब, १८ उंच, म्हणजे १:३५ ला ११ मिलिमीटर बाय ५. वीस थर लावले की १० सेंटिमीटरची भिंत उभी राहते, खऱ्यात साडेतीन मीटर. जुन्या भिंती जाड असतात, दीड फूट धरली तर १३ मिलिमीटर. नवीन लोक इथे चुकतात, ५ मिलिमीटरची पातळ भिंत करतात आणि मग घर खोक्यासारखं दिसतं. पडक्या घरात भिंतीची जाडी उघडीच असते, सगळ्यात आधी डोळा तिथेच जातो.

फोमबद्दल. मासळीचा बॉक्स असतो तो पांढरा थर्माकोल, दाणे दाणे असलेला, त्यावर रेघ ओढली की दाणा निघून येतो, तो भिंतीला चालत नाही. खालची जमीन, उतार वगैरे करायला मात्र फुकटात मस्त, फक्त साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा नाहीतर वास राहतो. भिंतीसाठी एक्सपीएस फोम घ्या, छपरांच्या आणि भिंतींच्या इन्सुलेशनला वापरतात तो, निळा नाहीतर गुलाबी रंगाचा येतो बहुतेक. दाणे नसतात, एकसंध असतो, पेनाने दाबलं की खूण तशीच राहते. इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे तुकडे पडून असतात, विचारलं तर देतात, नाहीतर ऑनलाइन मागवा. तेही जमत नसेल तर स्टेशनरीच्या दुकानात फोमबोर्ड मिळतो, दोन बाजूंना कागद आणि मध्ये फोम, तो पाण्याने ओला करून कागद सोलून काढायचा आणि दोन-तीन थर एकावर एक चिकटवून जाडी करायची. पिवळसर पीयू फोम बोटाने चुरतो, तो नको.

बाकी सामान साधं. स्नॅप-ऑफ कटर रुंद पात्याचा, स्टीलची पट्टी, संपलेलं बॉलपेन, टूथपिक, फेव्हिकॉल, वॉल पुट्टी, अक्रिलिक रंग चार-पाच, जुने ब्रश, कडक टूथब्रश. आणि माडाच्या हिराची केरसुणी. हसू नका, वासे-रिपांना हिरासारखी वस्तू दुसरी नाही.

कापताना पातं नवीन घ्या, म्हणजे खरंच नवीन, प्रत्येक भिंतीला एक टोक मोडून टाका. पातं जास्त बाहेर काढून आडवं धरायचं आणि हलक्या हाताने तीन-चारदा ओढायचं, दाबून एका झटक्यात कापायला गेलात की फोम फाटतो, कडेला दात पडतात. शीट २५ मिलिमीटरची असेल तर ती उभी चिरून अर्धी करायला गरम तारेचा कटर लागतो, एवढ्या एका कामासाठी तो असलेला बरा, पण खिडकी उघडी ठेवा आणि धुराच्या वर डोकं धरू नका. घासणार असाल तर मास्क लावा, तो चुरा फार बारीक असतो. चुरा गोळा करून कचऱ्यातच टाका, नाल्यात गेला की मासळीच्या पोटात जातो.

दार-खिडकी आत्ताच कापून घ्या, आणि पूर्ण भिंत कापा, मोडकी नाही. हे परत सांगतो कारण सगळे इथेच घाई करतात. आधी घर धड बांधायचं, सगळे थर आखायचे, मग पाडायचं. मोडक्या आकाराची भिंत आधी कापून त्यावर चिरे आखले तर मोडलेली कड चिऱ्यांशी जुळत नाही, कुठेतरी चिरा मधूनच सरळ तुटलेला दिसतो, आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही पण चुकलंय हे कळतं.

आखणी अशी. पेन्सिलने दर ५ मिलिमीटरला आडवी रेघ, मग उभे सांधे ११ मिलिमीटरवर, आणि प्रत्येक थरात सांधेमोड करायची, खालच्या सांध्यावर वरचा सांधा यायचा नाही, खऱ्या गवंड्यासारखं. सगळं अगदी मापात नको, एखादा चिरा १० चा, एखादा १२ चा. कटरने पेन्सिलच्या रेघेवर हलका चीर द्या, एक मिलिमीटर खोल पुरे, मग संपलेल्या बॉलपेनने त्या चिरेतून जा. नुसतं पेन फिरवलं तर फोम ओढला जातो, आधी कटर मग पेन. आतली बाजूही आखा, भिंतीचं डोकंही आखा.

आता माझं सगळ्यात आवडतं काम, चिऱ्याचा पोत. चिरा म्हणजे स्पंजसारखा, भोकं, नळ्या, मध्येच कठीण गाठ. बरेच जण फॉइलचा गोळा करून फोमवर फिरवतात, तो साध्या दगडाला ठीक आहे पण चिऱ्याला फार मऊ उठतो. खऱ्या चिऱ्याचा लिंबाएवढा तुकडा घ्या, रस्त्याच्या कडेला कुठेही मिळेल, ताजा तुटलेला हवा, कडा धारदार असलेला. ब्रशने माती झाडा आणि फोमवर दाबा, जरा फिरवा, परत दाबा, प्रत्येक वेळी तुकड्याची वेगळी बाजू. उजेडात तिरकं धरून बघा, त्या भोकांच्या कडांवर जो लहानसा उंचवटा येतो तो कुठल्याही हत्याराने येत नाही, कारण तो दगडच आहे, दगडाचीच छाप. मग टूथपिकने प्रत्येक चिऱ्याला चार-पाच खोल भोकं, एकाच जागी झुंबड नको. दोन-तीन चिरे पूर्ण पोखरून टाका, टूथब्रशने खरवडून आत घ्या.

कडा गोल करायला विसरू नका. गिलाव्याखालचा चिरा धारदार राहतो पण उघडा पडलेला चिरा पावसात झिजतो. बासिलिका ऑफ बॉम जेझूसचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून तिथला दगड पाऊस खातोय, जाऊन जवळून बघा, हात न लावता, कडा कशा विरघळल्यासारख्या झाल्यात ते. तुमच्या भिंतीवर जिथे गिलावा शिल्लक राहणार तिथे कडा तशाच ठेवा, जिथे तो पडलाय तिथे बोटाने दाबून मऊ करा.

पाडायचं कसं? बोटांनी. वरच्या थरातून एकेक चिरा कटरच्या टोकाने सोडवून उपटून काढा, खिडकीच्या वर दोन-तीन थर, दाराच्या एका बाजूला जरा जास्त, कोपरा उंच राहू दे. तुटलेली कड कटरने गुळगुळीत करायची नाही. काढलेले सगळे तुकडे एका डबीत जपून ठेवा, टाकू नका, कारण भिंतीतून गेलेले चिरे भिंतीच्या पायथ्याशी पडलेले दिसले पाहिजेत. भिंत अर्धी गेलीये आणि खाली चार दगड पडलेत असं फार लोक करतात. आपल्याकडे पडलेला चिरा लोक दुसऱ्या बांधकामाला उचलून नेतात हे खरं, पण मग तसं दाखवा, एका बाजूला नीट रचलेले आठ-दहा चिरे ठेवा.

दोन भिंती जोडताना कोपऱ्यात टूथपिक आरपार घाला आणि फेव्हिकॉल लावा. फोममधून हवा जात नाही त्यामुळे आतला फेव्हिकॉल सुकायला रात्र लागते, श्रावणात दोन दिवस. झटपट चिकटणारा गोंद आणि रबराचा पिवळा गोंद दोन्ही लावू नका, फोम विरघळतो. तसंच स्प्रे पेंट. मी माझी पहिली भिंत, तीन संध्याकाळ आखलेली, गॅलरीत नेऊन काळ्या स्प्रेने मारली आणि डोळ्यांसमोर चिरे खचत गेले, मिनिटभरात भोकं एवढी मोठी झाली की पेन्सिल आत जाईल. स्प्रेमधलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन खातं, ब्रशने लावलेलं अक्रिलिक नाही खात. म्हणून पहिला हात नेहमी काळं अक्रिलिक आणि फेव्हिकॉल अर्धं-अर्धं, थोडं पाणी, ब्रशने सगळ्या खाचांत. याने फोमला कातडी येते, नख लागलं तरी खड्डा पडत नाही.

पण त्या आधी गिलावा. वॉल पुट्टीत थोडं फेव्हिकॉल घालून दह्यासारखी करा आणि आईस्क्रीमच्या काडीने पातळ थर द्या, मिलिमीटरभर, त्याहून जास्त नको, १ मिलिमीटर म्हणजे खऱ्यात साडेतीन सेंटिमीटर होतात. वळचणीखाली आणि कोपऱ्याजवळ जास्त गिलावा राहतो कारण तिथे पाणी कमी लागलेलं असतं, भिंतीच्या डोक्याला आणि जमिनीपासून दोन-तीन फूट वरपर्यंत कमी, तिथे खालून ओल चढते. अर्धवट सुकल्यावर कड टूथपिकने उचकटा, तिथून पापुद्रा सुटल्यासारखा दिसतो.

लाकूडकाम. दाराची चौकट आईस्क्रीमच्या काड्यांची, तारेच्या ब्रशने लांबीच्या दिशेने घासून रेषा काढायच्या. वासे हिराच्या जाड बुंध्याचे, रिपा मधल्या भागाच्या. चहाच्या कडक पाण्यात रात्रभर भिजवा, मग पातळ काळा रंग, सुकल्यावर करड्याचा कोरडा ब्रश. उन्हापावसात राहिलेलं लाकूड तपकिरी राहत नाही, राखाडी होतं. दोन वासे भिंतीत पक्के, एक मधून मोडलेला आणि एकाचं टोक जमिनीवर.

खिडकीला शिंपल्यांची तावदानं लावली तर घर गोव्याचं आहे हे सांगावंच लागत नाही. बटर पेपरवर मागून फेव्हिकॉलचा पातळ हात द्या, सुकला की दोन-अडीच मिलिमीटरच्या पट्ट्या, आणि मध्ये केरसुणीच्या अगदी टोकाचे हीर चौकटीसारखे. अर्ध्या पट्ट्या काढून टाका. एका तावदानाचा तुकडा खाली ढिगाऱ्यात टाका.

कौलं करायला कंटाळा येतो पण तीच घराला उठाव देतात. मंगळुरी कौल १:३५ ला साधारण १२ बाय ७ मिलिमीटर. जाड कार्डपेपरच्या ७ मिलिमीटरच्या पट्ट्या कापा, बॉलपेनने लांबीला दोन खोल रेघा दाबा, मग १२ वर तुकडे करा. शंभर तरी लागतील, टीव्हीसमोर बसून होतात. वीसेक मोडून टाका, कोपरा तुटलेलं, मधून दोन तुकडे. वाश्यांवर दहा-बाराच ठेवा, बाकी सगळी आत. जरा थांबून विचार करा, छप्पर आत कोसळतं तेव्हा खाली आधी कौलं, त्यावर गिलावा आणि माती, त्यावर नंतर पडलेले चिरे, असे थर हवेत. मंगळुरात बासेल मिशनने या कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, त्यामुळे त्याच्याही आधीचं घर दाखवायचं असेल तर नळ्याची अर्धगोल कौलं करा, कागद पेन्सिलीवर गुंडाळून.

रंग. चिरा म्हणजे लाल वीट नव्हे, नवीन लोक थेट लाल लावतात. काळ्यावर बर्न्ट सिएना, खाच काळी राहू द्यायची. ते सुकलं की दहा-बारा चिरे वेगळे निवडा, कोणाला यलो ऑकर मिसळून, कोणाला जांभळट, कोणाला थोडं करडं. मग काळं-तपकिरी एकदम पातळ पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, सगळ्यावर सोडून द्या, भोकांत जाऊन बसतं. शेवटी ऑकरमध्ये पांढरं मिसळून जवळजवळ कोरडा ब्रश वरवर फिरवा, तेव्हा दगड जागा होतो. गिलाव्याला नीळ किंवा पिवळा, पण उडालेला, खिडकीभोवती पांढऱ्या पट्टीचा उरलेला तुकडा. भिंतीच्या डोक्यावरून खाली काळे ओघळ, वर जास्त, खाली विरत जाणारे, ते वाळलेलं शेवाळ. हे ओघळ उभेच हवेत, पाणी तिरकं वाहत नाही.

हिरवं जपून. जुना भांडी घासायचा स्पंज मिक्सरमध्ये बारीक करून (मिक्सर स्वयंपाकाचा नको) दोन-तीन हिरव्या रंगांत भिजवून सुकवा. सावलीच्या बाजूला आणि भिंतीच्या पायथ्याला जास्त, उन्हाच्या बाजूला थोडं. भिंतीवर उगवलेला पिंपळ असेल तर त्याची मुळं सुंभाच्या काथ्याची करा, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेले धागे सांध्यांमधून खाली सोडा, मूळ नेहमी सांधा शोधतं, चिऱ्याच्या अंगावरून जाताना चिकटून जातं. जमिनीला खरी लाल माती, चहाच्या गाळणीतून गाळलेली, पण आधी कढईत अर्धा तास भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते. किनाऱ्यावरची वाळू वापरायची असेल तर चार पाण्यांतून मीठ काढा. वाळलेला चहाचा चोथा लोक पाचोळा म्हणून वापरतात, दिसतो छान, आपल्या हवेत टिकत नाही, माझा सप्टेंबरपर्यंत पांढरा झाला.

समोर तुळशी वृंदावन करणार असाल तर फोमचा ३ सेंटिमीटर उंचीचा चौकोनी ठोकळा पुरे, वर जरा रुंद. ते भिंतीपेक्षा कमी मोडकं ठेवा, भक्कम ठोकळा असतो, वर छप्पर नसतंच, त्यामुळे पावसात ते घराच्या खूप नंतर जातं.

खालचा पाट प्लायचा घ्या आणि दोन्ही बाजूंनी रंगवा, एकाच बाजूने रंगवला की ओल दुसऱ्या बाजूने शिरते आणि पाट वाकतो, भिंत पाटापासून सुटते. सगळं झाल्यावर मॅट वार्निश, पाण्याचं, ब्रशने. अक्रिलिकच्या खोक्यात ठेवणार असाल तर मागे दोन लहान भोकं पाडा आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, दर जूनमध्ये बदला.